आमंतानी बेटावर घरगुती मुक्काम: एक रात्र नको, दोन राहा

विचारणारं कुटुंब पुण्याचं आहे. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई. मेच्या सुट्टीत पेरूला चालले आहेत. कुस्को आणि माचू पिक्चू ठरलेलंच आहे, पण कुणीतरी तितिकाका सरोवरातल्या आमंतानी बेटावर तिथल्याच एका घरी एक रात्र राहायचं सुचवलं आणि घरात दोन तट पडले. उंची झेपेल का, सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत त्यांचं काय, टूरवाल्याचं 'दोन दिवस एक रात्र' पॅकेज घ्यावं की थेट जावं, आणि घरच्यांसाठी काय न्यावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षं लहान गट घेऊन पेरूला जाते आणि या बेटावरच्या घरांत राहिले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. जा, नक्की जा. पण दोन गोष्टी पाळा. बेट सहलीच्या शेवटी ठेवा, आणि जमलं तर एकाऐवजी दोन रात्री राहा. पहिल्या गोष्टीचं कारण तब्येतीचं आहे. दुसरीचं थोड्या वेळाने सांगते, कारण माझ्या मते सगळ्या बेताचा जीव तिथेच आहे.

तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१२ मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटरवर येतं, म्हणजे तुम्ही बोटीत पाय ठेवता तेव्हाच लेहच्या वर असता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. आमंतानीच्या धक्क्यावर उतरलात की घरापर्यंत चढ आहे, दगडी पायऱ्या आणि पायवाटा, गाडी नाही. सामान पाठीवर. आणि संध्याकाळी ज्या टेकडीवर सगळे जातात ती ४,१०० मीटरच्या पुढे जाते. म्हणूनच लिमाहून विमानाने थेट सरोवराजवळच्या हुलियाका विमानतळावर उतरून दुसऱ्या दिवशी बेटावर जाणाऱ्यांचे हाल होतात. रात्रभर डोकं ठणकतं, उलट्या होतात आणि यजमानीण बिचारी दर तासाला चहा घेऊन दाराशी उभी राहते.

तुमचा क्रम असा ठेवा. लिमाहून कुस्कोला उतरलात की कुस्कोत थांबू नका, गाडी करून सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, खोऱ्यातलं ओयांतायतांबो हे गाव २,८०० च्या आसपास. तिथे दोन रात्री झोपा. मग माचू पिक्चू, ते तर आणखी खाली, २,४३० मीटरवर. त्यानंतर कुस्कोला दोन दिवस. मग दिवसाच्या बसने पुनो, म्हणजे सरोवराकाठचं शहर जिथून बेटाच्या बोटी सुटतात, वाटेत ला रायाची खिंड ४,३०० मीटरच्या वर जाते पण बस तिथे थोडाच वेळ असते. पुनोत एक रात्र विश्रांती आणि त्यानंतर बेट. या क्रमाने शरीर पायरी-पायरीने तयार होतं आणि माझ्या गटांतल्या साठीच्या पुढच्या बऱ्याच बायका बेटावर आरामात राहिल्या आहेत.

सासूबाईंना निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्या. डायमॉक्स या नावाने मिळणारं असेटाझोलामाइड बरेचजण उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात, पण ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. उंचीवरची पहिली दोन रात्री जेवण हलकं, दारू नाही, पाणी भरपूर. नुसती डोकेदुखी चालते. पण बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं यातलं एक जरी दिसलं तर वाट बघायची नाही. बेटावर आरोग्य केंद्र आहे, मोठं हॉस्पिटल मात्र पुनोत, आणि रात्री नेहमीची बोट नसते. म्हणून निर्णय पुनोत असतानाच घ्यायचा.

आता सासूबाईंच्या जेवणाचं. इथे मला तुम्हाला मनापासून धीर द्यायचा आहे, कारण अँडीजच्या गावातलं रोजचं घरचं जेवण बहुतांशी शाकाहारीच असतं. मांस सणासुदीला. बेटावर दुपारी किन्वाचं दाट सूप, मग उकडलेले बटाटे, ओका नावाचं गोडसर कंद, तळलेलं ताजं चीज, थोडा भात. रात्री पुन्हा सूप आणि बटाट्यांचंच काहीतरी. किन्वा म्हणजे आपल्या चाकवताच्याच वंशातलं धान्य, आणि त्यांचं किविचा हे आपल्या राजगिऱ्याचं सख्खं भावंड. हे सासूबाईंना आधी सांगा, अनोळखी अन्नाची भीती निम्मी कमी होईल. बटाटा तर मूळचा याच डोंगरांतला. पेरूत त्याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि तुमच्या ताटात एकाच वेळी पिवळे, जांभळे आणि काळपट असे तीन-चार प्रकार येतील. मेमध्ये जाताय म्हणजे काढणीचा हंगाम, बटाटे ताजे असतील.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे 'वेहेतारियानो' म्हटलं की पुष्कळदा कोंबडी आणि मासे चालतात असं समजलं जातं. सरोवरातला ट्राउट मासा तर पाहुण्यांसाठीचा खास बेत. म्हणून स्पॅनिशमध्ये एक-एक नाव घेऊन सांगायचं: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो (मांस नको, कोंबडी नको, मासे नको). सूपात कोंबडीच्या अर्काची वडी टाकतात, तेही सांगायचं: सिन काल्दो दे पोयो. दुसरं, सकाळच्या नाश्त्याला पातळ गोड धिरडी येतात, त्यांत अंडं असतं. सासूबाई अंडं खात नसतील तर सिन उएवो म्हणा आणि पाव, चीज, भाजलेल्या बाकल्याच्या बिया मागा. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि पोहोचल्या पोहोचल्या द्या. जेवण वाढल्यावर सांगितलं तर त्या बाईला फार वाईट वाटतं, कारण पुन्हा चूल पेटवायला सरपण आणि वेळ दोन्ही लागतं.

डाळ-भाताची अपेक्षा ठेवू नका. या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, डाळ तासन् तास शिजत नाही आणि भातही जरा कणीदार राहतो. बटाटा, किन्वा, बार्ली ही तिथल्या चुलीवर नीट शिजणारी पिकं आहेत, म्हणून तीच घराघरांत दिसतात.

चूल बघायलाच हवी. स्वयंपाकघर बहुधा वेगळी खोली असते, अंगणाच्या कडेला, मातीच्या विटांची, भिंती धुराने काळ्या. काही घरांत आता गॅस आहे पण सूप अजून चुलीवर होतं. बाई जमिनीलगतच्या बाकड्यावर बसते, मागे निलगिरीच्या काटक्यांचा ढीग, आणि एक-एक काटकी पुढे सरकवत जाळ राखते. हातातला चाकू लहान, पातं झिजून अरुंद झालेलं. त्याने बटाट्याची साल इतकी पातळ निघते की उजेड आरपार दिसतो. सोललेला बटाटा पाण्यात टाकायचा, साल वेगळ्या टोपलीत, मेंढ्यांसाठी. मधेच ती मुन्याची डहाळी मोडते, ती पुदिन्याच्या कुळातली रानवनस्पती, दोन डहाळ्या कपात उभ्या ठेवते आणि वर उकळतं पाणी ओतते. पोट जड झालं, डोकं धरलं, थंडी वाजली, सगळ्यावर मुन्या. तुमच्या मुलीला सोलायला बसवा. तिची साल जाड निघेल, बाई हसेल, तिचा हात धरून चाकू कसा टेकवायचा ते दाखवेल. दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी त्या अर्ध्या तासात काही अडत नाही. असं मी दर वेळी पाहिलं आहे.

पहिल्याच दिवशी 'आम्ही आमचं करून घेतो' म्हणून कुणाच्या चुलीशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ओळख झाल्यावर विचारा. आमच्या गटातल्या एका काकूंनी पुरचुंडीतून नेलेल्या हळद-हिंग-जिऱ्यावर तिथल्या बटाट्याच्या काचऱ्या केल्या होत्या आणि घरातल्या आजोबांनी दोनदा मागून घेतल्या.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ असते. मातीच्या विटांच्या जाड भिंती, वर पत्रा, दार ठेंगणं (डोकं सांभाळा), पलंगावर लोकरीची जड पांघरुणं. हीटर नाही. मेमध्ये रात्री पारा शून्याच्या जवळ येतो, म्हणून झोपताना कानटोपी, मोजे, आतले गरम कपडे हवेतच. सौर पॅनलवर दिवा लागतो. संडास बहुधा अंगणात, बादलीने पाणी ओतायचं, कागद डब्यात टाकायचा. आंघोळीचा विषय काढू नका, बेटावर नदी नाही, झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी जपून वापरतात. सासूबाईंना रात्री बाहेर जावं लागत असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी न्या आणि अंगणाला लागून असलेली खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या. वरच्या खोल्यांचे जिने उभे असतात आणि कठडा असेलच असं नाही. दिवसा ऊन फार कडक असतं, थंडी असली तरी त्वचा भाजते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन रोज. पिण्याचं पाणी पुनोहूनच न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा, बेटावर त्यांची विल्हेवाट लावायची सोय नाही.

पॅकेज की थेट, याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि मी ते जोर देऊन मांडते.

पुनोतल्या नेहमीच्या पॅकेजमध्ये सकाळी उरोसची लव्हाळ्याची तरंगती बेटं, दुपारी आमंतानी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी शेजारचं ताकिले बेट आणि संध्याकाळी पुनो असतं. सोयीचं आहे, वाईट नाही. पण त्या पैशांतून बोट, मार्गदर्शक आणि एजन्सी यांचं भागल्यावर चुलीपर्यंत पोहोचणारा वाटा लहान असतो. दोन वेळचं जेवण, नाश्ता, पलंग, पांघरुणं धुणं, संध्याकाळचे कपडे, सगळा भार घरच्या बाईवर आणि तिच्या हातात सगळ्यांत कमी. या बेटांवर १९७० च्या दशकापासून पर्यटक येऊ लागले, आणि तेव्हापासून वाद याच एका गोष्टीचा आहे: पाहुणे कुणाच्या बोटीने येणार आणि कुणाच्या घरी उतरणार. शेजारच्या ताकिलेकरांनी बोटी आणि मुक्काम दोन्ही स्वतःच्या ताब्यात ठेवले होते. १९९० च्या दशकात मक्तेदारीविरोधी कायदे आल्यावर पुनोच्या खासगी बोटवाल्यांना वाट मोकळी झाली आणि ताकिलेचा मोठा वाटा बाहेर गेला. आमंतानीतही ज्यांच्याकडे बोट होती त्यांचं बरं चाललं, ज्यांच्याकडे नुसतं घर होतं ते मागे राहिले.

म्हणून गावाने पाळी ठेवली आहे. आज या घरी पाहुणे, पुढच्या वेळी त्या घरी. अँडीजच्या गावांत शेतीची कामं, घराचं छप्पर, रस्ता, सगळं असंच चालतं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, त्याला तिथे आय्नी म्हणतात. आपल्याकडे सावडीने पेरणी-काढणी होते तसंच. धक्क्यावर उतरल्यावर काळी, भरतकाम केलेली ओढणी डोक्यावरून घेतलेल्या बायका उभ्या असतात, गावचा माणूस यादी बघून 'तुम्ही चौघं हिच्याकडे' असं सांगतो. त्या वेळी 'हे घर नको, ते मोठं घर हवं' असं म्हणू नका. पाळी मोडली की ज्या घराला महिन्यातून एकदा पाहुणे मिळतात तेच घर रिकामं राहतं.

थेट जायचं तर मार्ग दोन. पुनोच्या बंदरातून सकाळी आठच्या सुमाराला आमंतानीकरांच्या स्वतःच्या बोटी सुटतात, तीन-साडेतीन तास लागतात. तिकीट बंदरावर काढा आणि घराची पाळी गावावर सोडा. किंवा आधीच एखाद्या घराशी व्हॉट्सॲपवर बोलून घ्या, बऱ्याच घरांतली तरुण मुलं हे काम बघतात. सासूबाई आणि मुलगी बरोबर असल्याने तुम्ही दुसरा मार्ग घ्या, म्हणजे जेवणाचं आणि खालच्या खोलीचं आधी ठरेल. पॅकेजच घ्यायचं असेल तर एजन्सीला एकच प्रश्न विचारा: घराला माणशी किती देता आणि कधी? सरळ उत्तर देणारी एजन्सी निवडा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. पैसे थेट देत असाल तर ते निघताना, घरच्या बाईच्या हातात, दहा आणि वीस सोलच्या नोटांत द्या. बेटावर एटीएम नाही आणि शंभरची नोट मोडत नाही. घासाघीस करू नका. गावाने ठरवलेला दर माणशी सारखा असतो आणि तो कमी करून घेतला तर तिच्या पाळीचं नुकसान होतं.

आता दोन रात्रींचं.

पहिल्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे होतं, कारण बोट भरून पाहुणे आलेले असतात. दुपारचं जेवण, मग टेकडी. बेटावर दोन टेकड्या आहेत, पाचाताता म्हणजे धरतीचा बाप आणि पाचामामा म्हणजे धरती माय. दोन्हींच्या माथ्यावर दगडी कुंपणाची जुनी देवस्थानं आहेत आणि ती वर्षभर बंद असतात. जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी उघडतात. त्या दिवशी बेटाचे लोक दोन गटांत विभागून आपापल्या टेकडीवर जातात, मग दोन्हीकडचे धावत खाली येतात. पाचामामाची बाजू जिंकली तर वर्ष पिकाचं, असा समज आहे. तुम्हाला बंद दार आणि सूर्यास्त मिळेल. सूर्यास्त सरोवरावर फार लांबपर्यंत पसरतो. पण सासूबाईंना वरपर्यंत नेऊ नका, निम्म्या वाटेवर विणकाम मांडून बसलेल्या बायकांपाशी थांबवा. उतरताना अंधार होतो.

रात्री गावच्या सभागृहात नाच. घरची बाई तुम्हाला तिचे कपडे घालते. बायकांना एकावर एक घेरदार लोकरी परकर आणि भरतकामाचा पांढरा ब्लाउज, पुरुषांना पोंचो आणि कानटोपी. परकरावर विणलेला रुंद पट्टा, चुंपी, ती पोटाभोवती इतका घट्ट आवळते की श्वास अर्धाच जातो. उंचीवर, जेवण झाल्यावर, सासूबाईंना हे सोसणार नाही. पोटावर हात ठेवून 'सुआवे', म्हणजे हळू, म्हणा, ती हसून सैल बांधेल. वेळूच्या बासऱ्या, चारांगो नावाचं छोटं तंतुवाद्य, ढोल, आणि हात धरून गोल फिरणं. दोन गाणी नाचा आणि बसा. काहीजण या नाचाला दिखाऊ म्हणून नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. बाई आपला सणाचा पोशाख काढून परक्या माणसाला घालते, त्यात तिचा आनंद खराच असतो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुटते, सगळे पाहुणे जातात, आणि तुम्ही मागे राहता. तेव्हा घर आपल्या कामाला लागतं. मेंढ्या बाहेर निघतात. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत बटाटे काढायला सगळे जातात, नांगर बैलाचा नाही, पायाने दाबून माती उलटायचं लाकडी अवजार, चाकिताक्या. दुपारचं जेवण शेतातच. मातीच्या ढेकळांची भट्टी रचतात, आत जाळ करून ढेकळं तापवतात, मग बटाटे आणि ओका आत टाकून भट्टी वरून कोसळवतात आणि मातीतच भाजू देतात. याला वातिया म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासाने माती उकरून बटाटा काढायचा, साल झटकायची, चीजबरोबर खायचा. पॅकेजवाल्यांना हे मिळत नाही, कारण त्यांना ताकिलेची बोट गाठायची असते. घरच्यांना सांगा की आम्हाला कामाला घ्या. बारा वर्षांची मुलगी बटाटे वेचायला उत्तम, आणि सासूबाई बांधावर बसून सूत कातणाऱ्या आजीशेजारी बसतील. कातण्याची टकळी हातात फिरवत ती आजी चालते, बोलते, मेंढ्या हाकते, सगळं एकाच वेळी.

दुसऱ्या रात्री नाच नसतो. जेवण लवकर. मग अंगणात या. मेमध्ये आकाशगंगा उंच चढलेली असते. आपण ताऱ्यांची चित्रं बघतो, अँडीजमधले लोक आकाशगंगेतले काळे डागही बघतात. त्यांतला एक मोठा डाग म्हणजे लामा, उंटाच्या कुळातला तिथला प्राणी, आणि नरतुरंग तारकासमूहातले दोन तेजस्वी तारे त्याचे डोळे. घरातल्या कुणाला तरी 'याना यामा' (काळा लामा) कुठे म्हणून विचारा, बोट धरून दाखवतील. त्रिशंकू जवळच दिसेल.

ताकिले सुटलं म्हणून हळहळू नका. तिथल्या विणकामाची युनेस्कोने २००५ मध्ये दखल घेतली, तिथे पुरुष विणतात आणि टोपीच्या रंगावरून लग्न झालेला-न झालेला ओळखतात, ते सगळं बघण्यासारखं आहेच. परतताना दिवसभरासाठी जाता येईल. पण दोन्हींत निवडायचं झालं तर मी दुसरी रात्र निवडेन.

घरच्यांसाठी न्यायचं ते स्वयंपाकघरात लागणारं न्या. पुनोच्या बाजारातून तांदूळ, साखर, तेल, आणि फळं, कारण बेटावर फळं होत नाहीत. संत्री, केळी, सफरचंद. शाळकरी मुलं असतील तर वह्या-पेन्सिली, त्याही आईच्या हातात. वाटेत भेटणाऱ्या मुलांना चॉकलेट किंवा नाणी वाटू नका, त्याने मुलं शाळा सोडून धक्क्यावर थांबायला लागतात. भारतातून न्यायचं असेल तर मुलीच्या हातची एखादी वस्तू, किंवा तुमच्या कुटुंबाचा छापील फोटो. माझ्या ओळखीच्या घरांत असे फोटो भिंतीवर लावलेले आहेत. तिथल्या कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, आणि काढलेला फोटो नंतर पाठवायचाच.

वयस्कर बायकांना स्पॅनिश येईलच असं नाही, त्या क्वेचुआ बोलतात. तिथे मोठ्या बाईला मामा म्हणतात, पुरुषाला ताता. जेवण झाल्यावर 'सुल्पायकी, मामा', म्हणजे धन्यवाद, एवढं म्हणा.

कागदपत्रांत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पेरू हा पीतज्वराच्या (यलो फीव्हर) यादीतला देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तेव्हा तारीख आत्ताच घ्या. साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचे दुष्परिणाम होण्याची शक्यता जरा जास्त असते, म्हणून सासूबाईंबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. त्यांना लस नको असं ठरलं तर परतीच्या वाटेवर युरोपात आठवडाभर मुक्काम हा मार्ग उरतो. व्हिसाचं सोपं आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर २०१७ पासून पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या सूचना एकदा बघून घ्या.

कोकाची पानं तुम्हाला घरोघरी मिळतील, चहात आणि चघळायला. पेरूत ती कायदेशीर आहेत आणि तिथल्या श्रद्धेचा भाग आहेत, तीन पानं जुळवून डोंगराच्या दिशेने फुंकर घालतात. आदराने घ्या. पण त्या चहाची एक पुडीसुद्धा बॅगेत घेऊन येऊ नका, भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं. आणि घरात कुणी मर्चंट नेव्हीत असेल किंवा नोकरीत तपासणी होत असेल तर त्याने चहाही पिऊ नये, लघवीच्या चाचणीत तो दिसतो.

पुनो भागात कधीकधी रस्ता रोको होतात, डिसेंबर २०२२ पासून काही महिने तर मोठं आंदोलन होतं. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

शेवटी तुमच्या घरातल्या वादाबद्दल. पुनोत पहिल्या सकाळी सासूबाईंना नाश्ता गेला, डोकं हलकं असलं आणि हॉटेलचे दोन जिने न थांबता चढता आले तर बेट करा, दोन रात्री. नाश्ता गेला नाही तर बेट सोडा, पण घरगुती मुक्काम सोडू नका. सरोवराच्या काठावर कापाचिका द्वीपकल्पावर ल्याचोन नावाचं क्वेचुआ गाव आहे, आणि पुनोच्या दुसऱ्या बाजूला लुकिना चिको हे आयमारा ही तिथली दुसरी भाषा बोलणाऱ्यांचं गाव. दोन्हीकडे घरी राहता येतं, जेवण तेच, चूल तीच, आणि गाडी गावापर्यंत जाते, त्यामुळे रात्री गरज पडली तर दीड-दोन तासांत पुनोला परतता येतं. ल्याचोनच्या एखाद्या घराशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांना स्पष्ट सांगा की त्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर लगेच कळवू, म्हणजे ते तुमच्यासाठी बाजार करून बसणार नाहीत.